‘ती किड्यांवर काम करते’ : म्हातारपणाच्या जनुकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००३ साली पीएचडीला लागले, तेव्हापासून मी दक्षिण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एकाच विषयाला चिकटून आहे : प्राणी म्हातारे का होतात आणि त्यात जनुकांचा हात किती. लग्नाच्या पंगतीत, डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात, दादरला व्याख्यान झाल्यावर चहाच्या टेबलापाशी आणि हल्ली भाचीच्या मैत्रिणींकडून व्हॉट्सॲपवर, प्रश्न तेच येतात. उत्तरं मात्र दर वेळी मी घाईत देते आणि अर्धवट देते. म्हणून एकदा बसून लिहून काढली.

तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?

मेलेले कृमी मोजते.

सकाळी साडेनऊला इन्क्युबेटरमधून प्लेटा काढायच्या. प्लेट म्हणजे सहा सेंटिमीटरची पेट्री डिश. तळाला अगारचा जेलीसारखा थर, त्यावर मधोमध ई. कोलाय जिवाणूंचा सायीसारखा ठिपका. ते कृमींचं जेवण. एका प्लेटीत पंचवीस-तीस कृमी, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक. मायक्रोस्कोपखाली जो हलतो तो जिवंत. जो हलत नाही त्याच्या डोक्यापाशी प्लॅटिनमच्या तारेनं हलकेच स्पर्श करायचा, मग शेपटीपाशी, मग पुन्हा डोक्यापाशी. तरी काही नाही, तर वहीत एक रेघ.

या तारेला आम्ही ‘पिक’ म्हणतो. काचेच्या नळीच्या टोकात तार बसवायची, तिचं टोक ठोकून चपटं करायचं आणि दर वेळी ज्योतीवर लाल करून घ्यायचं. कृमी उचलायचा तर टोकाला आधी थोडे जिवाणू लावायचे. ते चिकट असतात, कृमी त्यांना चिकटून अलगद वर येतो. पिक ज्याची त्याची असते. विळीसारखंच आहे ते, एका हाताला बसलेली दुसऱ्या हाताला लागत नाही.

सगळे मृत्यू मोजणीत येत नाहीत. एखादा कृमी प्लेटीच्या भिंतीवर चढून वाळून जातो. एखादीच्या पोटातच अंडी फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात. हे म्हातारपणाचं मरण नव्हे, त्यामुळे त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात. आणि कुठल्या प्लेटीत कुठले कृमी आहेत हे मोजणाऱ्याला माहीत नसतं. दुसरं कुणीतरी प्लेटांवर नुसते आकडे टाकून ठेवतं. हे का, ते पुढे येईलच.

पण किडेच का? माणसांवर का नाही?

माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो आणि मी पण. आमच्यातलं आधी कोण जाणार याचा भरवसा नाही.

या कृमीचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. पोटात होणाऱ्या जंतांचा हा दूरचा नातेवाईक, पण निरुपद्रवी, कुजक्या फळापानांत राहणारा. २० अंश तापमानाला अंड्यापासून तीन दिवसांत वयात येतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचं आयुष्य आटोपतं. तेवढ्यात तो चक्क म्हातारा होतो : चाल मंदावते, स्नायू ढिले पडतात, कातडी सुरकुतते. उभयलिंगी प्रौढ कृमीच्या शरीरात लिंगपेशी सोडून बरोबर ९५९ पेशी असतात, त्यातल्या ३०२ चेतापेशी. ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांना गोठवून ठेवा, कित्येक वर्षांनी बाहेर काढा, त्यातले बरेच पुन्हा चालू लागतात. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात हा प्राणी प्रयोगशाळेत आणला. त्यावर झालेल्या कामाला २००२, २००६, २००८ आणि २०२४ अशी चार वेळा नोबेलची माळ पडली आहे.

उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. उंदरांवर आयुष्याचा एक प्रयोग म्हणजे एका विद्यार्थ्याची निम्मी पीएचडी. कृमींवर मी तेवढ्या वेळात तीसेक प्रयोग करते, आणि त्यातले वीस चुकले तरी जगते.

म्हातारपण जनुकांच्या हातात असतं हे कुणी शोधलं?

इथे थोडं सावकाश जाते, कारण माझ्यासकट निम्म्या क्षेत्राची रोजीरोटी या गोष्टीवर चालते.

पहिला धागा मायकेल क्लास या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या हाती लागला. त्यांनी हजारो कृमी चाळून जास्त जगणारे मोजके वाण वेगळे काढले आणि १९८३ साली ते छापलं. पण हे बहुधा कमी खाण्यामुळे होत असावं असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला. ते वाण टॉम जॉन्सन यांच्याकडे गेले. १९८८ मध्ये जॉन्सन आणि फ्रीडमन यांनी दाखवलं की एका जनुकात बिघाड झाला की आयुष्य लांबतं. त्याला नाव दिलं एज-१. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. म्हातारपण म्हणजे झीज, जुन्या सायकलची चेन गंजते तसं, त्यात जनुकांचा काय संबंध, असंच बहुतेकांचं मत होतं.

सिंथिया केनियन यांचा या विषयाशी तेव्हा संबंध नव्हता. जॉर्जियात रसायनशास्त्र आणि जीवरसायन, एमआयटीत पीएचडी, मग केंब्रिजला ब्रेनर यांच्याकडे आणि १९८६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतःची लॅब. काम कशावर, तर अंड्यातून शरीराची घडण कशी होते यावर. चांगलं चाललेलं, नाव झालेलं काम. त्या सांगतात की बाजूला पडून राहिलेल्या एका प्लेटीत त्यांना म्हातारे झालेले कृमी दिसले. आधी त्या किड्यांची कणव आली, मग लक्षात आलं की आपलंही हेच होणार आहे. मी स्वतः अशा शेकडो विसरलेल्या प्लेटा धुवायला टाकल्यात. मला त्यात फक्त माझा आळस दिसला.

१९९३ मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. डॅफ-२ या एका जनुकात बदल असलेले कृमी नेहमीच्या कृमींपेक्षा दुपटीहून जास्त जगत होते. आणि अंथरुणाला खिळून नव्हे. साधे कृमी निपचित पडले होते त्या वयात हे चालत होते.

डॅफ जनुकं आधीपासून माहीत होती. पिल्लांना अन्न कमी पडलं, गर्दी झाली, की ती ‘डाउअर’ नावाच्या सुप्तावस्थेत जातात. आपल्याकडचे बेडूक उन्हाळाभर जमिनीत दडून राहतात, तशातला प्रकार. या अवस्थेत खाणं बंद, वाढ बंद, आणि महिनोन्‌महिने तग धरतात. ही दारं उघडणारी-लावणारी जनुकं म्हणजे डॅफ. केनियन यांच्या गटानं पिल्लांना सुप्तावस्थेत जाऊ न देता वाढवलं, आणि मोठेपणी डॅफ-२चा जोर कमी असेल तर काय होतं ते पाहिलं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : डॅफ-१६ नावाचं दुसरं जनुक बंद केलं की वाढलेलं आयुष्य नाहीसं होतं. याचा अर्थ डॅफ-२च्या बिघाडानं काहीतरी अपघातानं बरं झालं असं नाही. आयुष्य लांबवण्याचं काम डॅफ-१६ करत होतं आणि डॅफ-२ त्याला अडवून ठेवत होतं.

मुंबईकरांना हे हाउसिंग सोसायटीच्या भाषेत पटकन कळतं. डॅफ-२ म्हणजे ‘सध्या चाललंय ना नीट, मग कशाला खर्च’ म्हणणारा चेअरमन. डॅफ-१६ म्हणजे गेटाबाहेर थांबवलेला दुरुस्तीचा कंत्राटदार. जेवण भरपूर आहे तोवर चेअरमनची सत्ता, सगळा पैसा अंडी घालण्यात. चेअरमन ढिला पडला की कंत्राटदार आत शिरतो, पेशीच्या केंद्रकात जातो, आणि दुरुस्तीची, ताण सोसण्याची, कचरा काढण्याची जनुकं चालू करतो. बिल्डिंग जास्त वर्षं उभी राहते.

१९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटानं डॅफ-२ म्हणजे काय ते उलगडलं : आपल्या शरीरात इन्सुलिन आणि त्याचा भाऊबंद आयजीएफ-१ ज्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, त्यांचंच कृमीतलं रूप. इथे मात्र सगळ्यांचे कान टवकारले. मग माश्या, उंदीर, सगळीकडे हाच रस्ता सापडत गेला. २००३ साली केनियन यांच्या गटानं डॅफ-२चा जोर कमी केला, वर जननग्रंथीही काढल्या, आणि कृमी सरासरी १२४ दिवस जगवले. २०१४ मध्ये त्या विद्यापीठ सोडून गूगलनं सुरू केलेल्या कॅलिको या कंपनीत गेल्या.

मग इन्सुलिन कमी झालं की आयुष्य वाढतं? मला तर डायबेटिस आहे.

नाही. हा निष्कर्ष कृपया काढू नका आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नका. डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडतं किंवा लागू पडत नाही आणि रक्तात साखर साचून डोळे, किडनी, नसा खराब होतात. कृमीला ना रक्त, ना हृदय, ना किडनी. त्याचा डॅफ-२ रस्ता अनेक कामं एकटाच करतो, आपल्याकडे ती कामं इन्सुलिन आणि आयजीएफ-१ यांनी वाटून घेतली आहेत.

आयजीएफ-१च्या बाजूचा पुरावा जास्त बोलका आहे. लहान चणीच्या कुत्र्यांत या जनुकाचं वेगळं रूप सर्रास सापडतं, हे २००७ मध्ये कळलं, आणि लहान कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात हे पॉमेरेनियन पाळणाऱ्या कुणालाही विचारा. इक्वाडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम असलेली कुटुंबं आहेत. वाढीचं हार्मोन त्यांच्या शरीरावर काम करत नाही, उंची साडेतीन-चार फूट राहते. त्यांच्यात कॅन्सर आणि डायबेटिस जवळजवळ आढळत नाही. पण ती माणसं आपल्यापेक्षा जास्त जगतात, असं काही दिसलेलं नाही. अपघात आणि दारू जनुकं बघून येत नाहीत.

आमचे आजोबा ९६ वर्षं जगले. म्हणजे मीही जगणार ना?

आजोबांना नमस्कार, पण हमी नाही. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या डेन्मार्कमधल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास १९९६ मध्ये आला. आयुष्याच्या लांबीतला सुमारे पाव भाग आनुवंशिक, असं त्यात निघालं. हाच आकडा आम्ही वर्षानुवर्षं व्याख्यानांत सांगत होतो.

२०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळ्या चाळणारा एक निबंध आला आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. माणसाच्या आयुष्याची लांबी सख्ख्या भावंडांशी जुळते, हे ठीक. पण ती मेहुण्यांशी, अगदी सोयऱ्यांच्या सोयऱ्यांशीही जुळत होती. मेहुण्यांचा आणि तुमचा रक्ताचा काय संबंध? काहीच नाही. पण सोयरीक जुळवताना आपण शिक्षण बघतो, घर बघतो, खाणंपिणं बघतो. आयुष्य लांबवणाऱ्या गोष्टी सारख्या असलेली घरंच एकमेकांच्या मांडवात येतात. हे वजा केल्यावर आनुवंशिकतेचा वाटा दहा टक्क्यांच्या खाली गेला. वाद मिटलेला नाही, कारण साथीच्या रोगांतले आणि अपघातांतले मृत्यू हिशेबात कसे धरायचे यावर आकडा वर-खाली होतो. पण पत्रिका जुळवणाऱ्या मावशींना मी हा निबंध आवर्जून सांगते.

शंभरी गाठणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जनुकांचा हात जास्त दिसतो. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांमध्ये फॉक्सओ-३ या जनुकाचं एक रूप दीर्घायुष्याशी जोडलेलं आढळलं, २००८ साली. फॉक्सओ म्हणजे कोण, तर आपला तोच कंत्राटदार, माणसांतला डॅफ-१६. हे वाचलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच होते आणि एकटीनंच टाळी वाजवली.

आमच्या गावात एक बाबा ११८ वर्षांचे आहेत. त्यांच्यावर संशोधन का करत नाही?

त्यांच्या जन्माचा दाखला आहे का? राग मानू नका. माझ्या आजीची जन्मतारीख १ जून होती. तिच्या भावाची १ जून. शेजारच्या काकांचीही १ जून. जून महिन्यात शाळा सुरू व्हायची, गुरुजी नाव दाखल करताना अंदाजानं वर्ष टाकायचे आणि तारीख सगळ्यांना तीच. जन्म-मृत्यूची नोंदणी देशभर सक्तीची करणारा कायदाच आपल्याकडे १९६९चा. ज्यांचं वय दुष्काळावरून किंवा प्लेगच्या सालावरून सांगितलं जातं, त्यांच्या वयात दहा-पंधरा वर्षांचा फरक सहज पडतो.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जगभरच्या ‘दीर्घायुषी गावां’मध्ये नोंदींचा घोळ किती आहे हे दाखवणाऱ्या सॉल न्यूमन यांना २०२४ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. कृमींच्या बाबतीत एक बरं असतं, त्यांचं अंडं मी स्वतः पाहिलेलं असतं.

पारशी लोक जास्त का जगतात?

ग्रँट रोडला टॅक्सीत बसले की हमखास. २०११च्या जनगणनेत भारतात पारशी होते ५७,२६४. एखादा समाज म्हातारा असणं आणि त्यातली माणसं दीर्घायुषी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलं कमी जन्मली, तरुण परदेशी गेले, की कॉलनीत म्हातारी माणसंच दिसतात. माणसं खरंच जास्त जगत असतील, तर त्यात शिक्षण, स्वतःचे दवाखाने आणि ट्रस्टची घरं किती, आणि जनुकं किती, हे नुसतं बाकावर बसलेल्या आजोबांकडे बघून सांगता येत नाही. कोकणातल्या गावांतही आता हेच चित्र आहे, तिथे कुणी जनुकांचं नाव काढत नाही.

निसर्गानं म्हातारपण ठेवलंच कशाला?

ठेवलं नाही, राहून गेलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, त्यांनी हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराबद्दल एक गोष्ट हेरली होती. हा आजार बहुतेकदा चाळिशीच्या आसपास उमटतो. तोवर मुलं झालेली असतात, सदोष जनुक पुढे गेलेलं असतं. निसर्गाची चाळण तिथे उशिरा पोचते. १९५२ मध्ये पीटर मेडावर यांनी यावरून म्हातारपणाचा सगळा सिद्धान्त मांडला. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये भर घातली : तरुणपणी फायद्याचं जनुक म्हातारपणी तोट्याचं असू शकतं. आणि टॉम कर्कवूड यांनी १९७७ मध्ये हिशेब मांडला की दुरुस्तीला ऊर्जा लागते, ती पिल्लांवर खर्च करणं जास्त फायद्याचं. म्हणजे पुन्हा आपला चेअरमन.

‘बायोलॉजिकल एज’ची टेस्ट करून घेऊ का?

पैसे जास्त झाले असतील तर. डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून वय सांगणारं घड्याळ स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ जागा वापरून तयार केलं, आणि संशोधनासाठी ते फार मोलाचं आहे. मोठ्या गटांची तुलना करायला उत्तम. पण एका माणसाला ‘तुमचं खरं वय ४७’ असं छापून देणारा कागद हातात घेऊन करायचं काय? चालायला जा, बीपी मोजा, सिगारेट सोडा, हे त्या कागदाशिवायही माहीत होतंच.

टेलोमेअरच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांच्या, टेस्टचंही तेच. त्या शोधाला २००९ मध्ये नोबेल मिळालं ते योग्यच, पण शोध मोठा म्हणून टेस्ट उपयोगी असं होत नाही.

कुठली गोळी घ्यावी?

मी कुठलीही घेत नाही. यापुढे वाचलं नाहीत तरी चालेल, पण गोष्ट चांगली आहे म्हणून सांगते.

रॅपामायसिन. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून एका मोहिमेनं मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी हे रसायन काढलं. त्यांतले एक सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याच उपखंडातले. पुढे कंपनीनं तिथली लॅब बंद केली, प्रकल्प गुंडाळला. सेहगल यांनी तो जिवाणू घरी नेला आणि स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवला. (घरात काय बोलणी खाल्ली असतील, मला नीट कल्पना आहे.) अखेर १९९९ मध्ये किडनी बदललेल्या रुग्णांसाठी ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. २००९ मध्ये तीन अमेरिकी केंद्रांनी वीस महिन्यांच्या, म्हणजे आपल्या साठीच्या आसपासच्या उंदरांना ते दिलं आणि माद्यांचं कमाल आयुष्य १४ टक्के, नरांचं ९ टक्के वाढलं. पण हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. निरोगी माणसानं आयुष्यभर घ्यावं असा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल. यीस्टमधल्या सर-२ नावाच्या जनुकावरून सुरू झालेलं हे प्रकरण इतकं तापलं की २००८ मध्ये ग्लॅक्सो या औषध कंपनीनं त्यावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली. २०११ मध्ये ‘नेचर’मधल्या एका निबंधानं दाखवलं की ज्या कृमींमध्ये आणि माश्यांमध्ये हे जनुक आयुष्य वाढवतं असं म्हटलं होतं, त्यांचे वाण नीट शुद्ध करून घेतल्यावर ती वाढ उरतच नाही. २०१३ मध्ये ग्लॅक्सोनं सर्ट्रिसचं कार्यालय बंद केलं. दुकानात मात्र कॅप्सूल अजून मिळतात.

साखरेबद्दल विचारलंत तर, केनियन यांच्या गटानं २००९ मध्ये कृमींच्या जेवणात ग्लुकोज घातलं आणि आयुष्य घटलं. त्यांनी स्वतः गोड जवळपास सोडलं. मी श्रीखंड सोडलेलं नाही.

तुमचे प्रयोग फसतात का?

याच प्रश्नाला खरं तर सगळ्यात मोठं उत्तर द्यायला हवं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. कुलाब्याला त्या दिवशी पडला ७३. मी दक्षिणेला लॅबमध्ये, खिडकीबाहेर साधाच पाऊस, आणि मी निवांत प्लेटा मोजत होते. सहा वाजता सीएसटीला गेले तेव्हा कळलं की गाड्या बंद. परत लॅबमध्ये आले, दोन रात्री तिथल्याच बाकावर झोपले. माझे कृमी एक दिवसही मोजायचे राहिले नाहीत. पण मुलुंडला राहणारा माझा सहकारी पोचू शकला नाही, आणि प्लेटांवरचे आकडे कुठले कुणाचे हे फक्त त्याच्या वहीत, वही त्याच्या घरी, घरात कमरेएवढं पाणी. वही वाळली तेव्हा शाई पसरलेली होती. अडीच महिन्यांची मोजणी, एकेक मृत्यू बरोबर, आणि कोण मेलं ते माहीत नाही.

तो प्रयोग पुन्हा केला. त्यात एक म्युटंट, म्हणजे जनुकात बदल असलेला वाण, साध्या कृमींपेक्षा तीस टक्के जास्त जगला. माझ्या गाइडनं पेढे आणले. मग मीच हट्ट धरला, वाण नीट शुद्ध करू. म्हणजे म्युटंटचा साध्या कृमीशी पुन्हा पुन्हा संकर करायचा, म्हणजे त्याच्यात चोरपावलांनी शिरलेले इतर बदल धुऊन निघतात. सहा संकर झाले. मोजलं. आयुष्य अगदी साध्या कृमीइतकं. वाढ खरी होती, पण ती माझ्या जनुकामुळे नव्हती, बरोबर आलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या बदलामुळे होती. थीसिसमधलं आख्खं प्रकरण गेलं. २०११चा तो सर-२चा निबंध वाचताना मला काही नवीन वाटलं नाही, फक्त माझं सहा वर्षांपूर्वीचं पोट पुन्हा दुखलं.

या क्षेत्रात खोटं बोलणारे फार नाहीत. पण आशेनं मोजणारे बरेच आहेत. मरायला टेकलेला कृमी तारेनं स्पर्श केल्यावर हलला की नाही, हे शेवटी डोळा ठरवतो, आणि आपला लाडका म्युटंट असेल तर डोळा त्याला आणखी एक दिवस देतो. म्हणून प्लेटांवर नावं नसतात. अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी २०१३ पासून मिळून तेच प्रयोग तीन ठिकाणी केले. सुरुवातीला आकडे जुळेनात. शोधता शोधता कळलं की कुणी वय अंडं घातल्यापासून मोजत होतं, कुणी अंडं फुटल्यापासून. शहाण्या माणसांना वर्षभर यावर खल करावा लागला.

आणि हो, पावसाळ्यात प्लेटांना बुरशी लागते. दर जुलैत. त्यावर उपाय विचारू नका, असता तर मीच छापला असता.

जास्त जगून करायचं काय? अंथरुणात?

बरोबर प्रश्न आहे. जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा कुणालाच व्हायचं नाही. २०१५ मध्ये एका गटानं दाखवलं की काही दीर्घायुषी म्युटंट वाढीव आयुष्यातला बराच काळ दुबळेपणात काढतात. दुसऱ्या गटांना ते मान्य नाही, कारण दुबळेपणा मोजायचा कसा यावरच भांडण आहे. म्हणून आता आम्ही नुसतं मेला-जगला लिहीत नाही, रोज किती चालला, तोंडाचा पंप मिनिटाला किती वेळा हलला, हेही लिहितो. काम तिप्पट झालंय.

माझ्या मुलीला यात यायचं आहे. काय करावं लागेल?

बीएस्सी-एमएस्सी जीवशास्त्राच्या कुठल्याही शाखेत. गणित आणि संख्याशास्त्र सोडू नका, जीवशास्त्र घेणारी मुलं नेमकं तेच टाळायला येतात. मग सीएसआयआर-नेट, गेट, किंवा टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि एनसीबीएस (तिचं बंगळुरूचं जीवशास्त्र केंद्र) यांची प्रवेशपरीक्षा. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरचा जीवशास्त्र विभाग आहे. ओबेद सिद्दिकी यांनी होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये तिथे रेण्वीय जीवशास्त्र सुरू केलं. पवईला आयआयटी, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था. सगळीकडे म्हातारपणावरच काम चालत नाही, पण जनुकं हाताळायला कुठेही शिकता येतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. जेआरएफची, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची, फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आहे, पुढे एसआरएफला, म्हणजे सीनियर झाल्यावर, ४२,०००, घरभाडं वेगळं. त्यात मुंबईत भाड्यानं राहून बचत होत नाही, पण उपाशीही राहावं लागत नाही. फेलोशिप वेळेवर जमा होईलच असं मात्र नाही, पहिल्या वर्षी घरून थोडे पैसे जवळ ठेवा.

संस्था निवडण्याआधी गाइडच्या आताच्या नव्हे, बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोला.

आणि घर कसं सांभाळता?

हा प्रश्न शेजारच्या लॅबमधल्या जोशीसरांना कुणी विचारत नाही. त्यांना विचारून मला कळवा.

लॅब बघायला येता येईल का?

येईल. बऱ्याच संस्था २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास दारं उघडतात, संस्थेच्या साइटवर जानेवारीतच तारीख बघा आणि गेटवर दाखवायला ओळखपत्र ठेवा. मुलांना सकाळी आणा. मायक्रोस्कोपच्या स्टुलाची उंची त्यांना पुरत नाही, म्हणून मी दोन जाड डायरेक्टऱ्या ठेवल्या आहेत, त्या खाली घालायच्या. आधी तरुण कृमींची प्लेट दाखवते, मग त्याच दिवशी जन्मलेल्या साध्या आणि डॅफ-२ कृमींच्या दोन प्लेटा, नावं झाकून. कुठली कुठली ते ओळखायचं. आजवर सर्वांत पटकन ओळखलं ते वसईच्या एका आठ वर्षांच्या मुलीनं. कसं, विचारलं तर म्हणाली, ‘या प्लेटीतले सगळे माझ्या पणजीसारखे झोपलेत.’